तीनदा अलाइनमेंट करूनही स्टिअरिंग तिरकेच : वापरलेल्या टीटीला आधी दुरुस्ती की थेट नवे सस्पेन्शन?

कोथरूडकर

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीनंतर मी २०१२ सालची ऑडी टीटी विकत घेतली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, क्वाट्रो (चारही चाकांना जोर देणारी) यंत्रणा आणि घेतेवेळी ५८ हजार किलोमीटर झालेले. गाडी मुंबईची असून माझ्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, विम्याचे दावे हे सगळे मी तपासून घेतले होते. गाडी उचलून तिच्या पोटाखाली मात्र नीट पाहिले नाही, हा निष्काळजीपणा आधीच कबूल करतो, म्हणजे त्यावरून बोलणी खायला नकोत.

तक्रारी अशा आहेत. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग पाच-सहा अंश उजवीकडे कललेले राहते. मागच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा झिजल्या आहेत आणि उजव्या टायरच्या तर आतून तारा दिसू लागल्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला तोच टायर अजून निम्मा शिल्लक वाटतो. ताम्हिणी घाटात डावीकडच्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की मागचा भाग बाहेर सरकू पाहतो. उजवीकडच्या वळणावर असे होत नाही. शिवाय गतिरोधकावरून उतरताना मागून ठक्क असा आवाज येतो.

अलाइनमेंट आतापर्यंत तीन ठिकाणी केले. पहिल्या ठिकाणी फक्त पुढची चाके लावून दिली. दुसऱ्या ठिकाणी ‘मागचे येत नाही, गाडीच तशी आहे’ असे सांगून पूर्ण पैसे घेतले. तिसऱ्या ठिकाणी निदान छापील कागद तरी दिला, त्यावरचे आकडे येथे देतो (कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, उणे असेल तर वरची कड आत; टो म्हणजे चाकाचे तोंड आत वळले आहे की बाहेर; मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). पुढचा कॅम्बर डावीकडे उणे ० अंश २५ मिनिटे आणि उजवीकडे उणे १ अंश ५ मिनिटे. मागचा कॅम्बर डावीकडे उणे १ अंश ४० मिनिटे आणि उजवीकडे उणे २ अंश ४० मिनिटे. मागचा टो डावीकडे ८ मिनिटे आत, उजवीकडे ३६ मिनिटे बाहेर. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर मी घरी टेपने मोजले, तर मागची उजवी बाजू डावीपेक्षा ९ मिलिमीटरने खाली निघाली. एकूणच गाडी मूळ उंचीपेक्षा खाली बसवलेली वाटते, पण ती कोणी आणि कशाने खाली आणली याची नोंद कागदपत्रांत नाही.

आता प्रश्न. एका दुकानदाराचे म्हणणे असे, की जुन्या सस्पेन्शनवर खर्च करण्यापेक्षा थेट कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा संच) बसवावेत, म्हणजे उंची हवी तशी लावता येईल आणि अलाइनमेंटही आपोआप जागेवर येईल. माझी तयारी सर्व मिळून अडीच लाखांपर्यंत आहे. रोजचा वापर कोथरूड ते हिंजवडी आणि महिन्यातून दोनदा पहाटे ताम्हिणी किंवा मुळशी असा आहे. दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे का, की आधी दुसरे काही पाहायला हवे?

चाकोरी

कोथरूडकर, आपण आकडे जसेच्या तसे उतरवलेत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. मी बरीच वर्षे वाहनांच्या सस्पेन्शनच्या चाचण्यांत घालवली आहेत आणि माझा अनुभव असा, की लोक अलाइनमेंटचा कागद वीजबिलासारखा शेवटची ओळ पाहून घडी घालून ठेवतात.

मागच्या टोच्या आकड्यांपासून सुरुवात करू. डावे मागचे चाक ८ मिनिटे आत वळलेले आहे, म्हणजे त्याचे तोंड उजवीकडे आहे. उजवे मागचे चाक ३६ मिनिटे बाहेर वळलेले आहे, म्हणजे त्याचेही तोंड उजवीकडेच आहे. दोन्ही चाके मिळून गाडीचा मागचा भाग ज्या दिशेने ढकलतात ती रेषा गाडीच्या मध्यरेषेपासून २२ मिनिटांनी उजवीकडे गेली आहे. यालाच थ्रस्ट अँगल म्हणतात. मागचा भाग उजवीकडे गेला की नाक डावीकडे वळते आणि गाडी सरळ ठेवण्यासाठी आपल्याला स्टिअरिंग उजवीकडे धरावे लागते. स्टिअरिंगचे गुणोत्तर सोळाच्या आसपास धरले तर २२ मिनिटांचे जवळजवळ सहा अंश होतात. आपण सांगितलेला कल नेमका तेवढाच आहे. पहिल्या ठिकाणी त्यांनी पुढची चाके गाडीच्या मध्यरेषेशी समांतर लावली असणार, आणि आपली गाडी तर मध्यरेषेवरून चालतच नाही.

घाटातल्या अनुभवाचा उलगडाही यातच आहे. डावीकडच्या वळणावर वजन उजव्या चाकांवर जाते. त्या क्षणी मागचा सगळा भार ज्या उजव्या चाकावर येतो तेच चाक बाहेरच्या दिशेला पाहत उभे आहे, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागचे वजन हलके होऊन ते आणखी सहज सरकते. हा आपला भास नाही. तेव्हा चाके नीट होईपर्यंत ताम्हिणीला जाऊ नये, विशेषतः तारा दिसणाऱ्या टायरवर तर नाहीच. तो टायर आजच उतरवा.

टायरांच्या झिजेबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उजव्या चाकाची चूक डाव्या चाकालाही भोगावी लागते. गाडी धावू लागली की मागची दोन्ही चाके एकूण २८ मिनिटांचा टो-आउट आपसात वाटून घेतात, म्हणजे प्रत्येक चाक प्रवासाच्या दिशेपासून सुमारे १४ मिनिटे तिरके फिरते. एवढ्याशा कोनामुळे टायर प्रत्येक किलोमीटरमागे चार मीटर आडवा घासला जातो. पुण्याहून मुंबईला जाईपर्यंत, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटरांत, हे घासणे सहाशे मीटर होते. उजव्या चाकाचा कॅम्बर एक अंशाने जास्त असल्यामुळे त्याच्या आतल्या कडेवर भारही अधिक, म्हणून तारा आधी त्याच्या दिसल्या.

आता ‘मागचे येत नाही’ या उत्तराकडे वळतो. या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये कॅम्बर आणि टो दोन्ही एक्सेंट्रिक बोल्टांनी लावता येतात. बोल्टवरची तबकडी मध्यापासून सरकवलेली असते, त्यामुळे बोल्ट फिरवला की आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) टोक आत-बाहेर होते. तेव्हा ‘येत नाही’ याला दोनच कारणे असू शकतात. एक तर बोल्ट गंजून बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबरी वेष्टनाच्या) आतल्या नळीत अडकला आहे आणि फिरतच नाही. नाहीतर बोल्ट फिरतो, पण शेवटपर्यंत फिरवूनही आकडा जागेवर येत नाही, आणि तसे असेल तर एखादा आर्म किंवा हब वाकलेले आहे. उजवीकडची उंची ९ मिलिमीटरने कमी असल्यामुळे कॅम्बरमध्ये फार तर पाव अंशाचा फरक पडेल. आपल्याकडे फरक पूर्ण एक अंशाचा आहे. उरलेला पाऊण अंश कुठून आला हे शोधायला हवे. उजव्या मागच्या रिमच्या आतल्या बाजूला वेल्डिंगची किंवा ठोकून सरळ केल्याची खूण आहे का ते पाहून कळवावे. आपल्याकडे उजवी चाके बहुधा दुभाजकालाच आपटतात.

पुढच्या कॅम्बरमधला ४० मिनिटांचा फरक त्या मानाने साधा असू शकतो. या गाडीत पुढचा कॅम्बर स्वतंत्रपणे लावण्याची सोय नाही, पण सबफ्रेमचे (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीचे) बोल्ट सैल करून ती डावी-उजवीकडे किंचित सरकवता येते. दोन्ही बाजूंची बेरीज दीड अंश आहे, म्हणजे सबफ्रेम मध्यावर आली तर दोन्हीकडे ४५ मिनिटांच्या जवळ यायला हरकत नाही. कधीतरी गिअरबॉक्सच्या कामासाठी सबफ्रेम उतरवून अंदाजाने परत बसवली असेल. स्टिअरिंगचा रॅक याच सबफ्रेमवर असल्यामुळे ती सरकवल्यावर टो पुन्हा लावावाच लागतो, ही आठवण तिथल्या माणसाला आपणच करून द्यावी.

दुकानदाराचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. कॉइलओव्हरने उंची बदलेल, वाकलेला आर्म सरळ होणार नाही. अलाइनमेंटचे यंत्र फक्त मोजते. त्या मोजमापाने दाखवलेला दोष हाताने दुरुस्त करावा लागतो.

औंधचा टीटीवाला

माझ्याकडे याच पिढीची टीटी सहा वर्षे आहे, त्यामुळे चाकोरी यांनी लिहिलेल्या दोन्ही शक्यतांतून मी गेलो आहे.

मागचे एक्सेंट्रिक बोल्ट अडकण्याचा रोग या गाडीत आणि तिच्या भावंडांत सगळ्यांना ठाऊक आहे. बोल्ट पोलादाचा, बुशची आतली नळीही पोलादाची, आणि दोन्हींच्या मध्ये कित्येक पावसाळ्यांचे पाणी. माझ्या गाडीचा एक बोल्ट दोन दिवस गंजनाशक तेल सोडून निघाला आणि दुसरा शेवटी आर्मसकट कापावा लागला. ज्या गॅरेजमध्ये कापण्याची तयारी नाही तिथे हे काम सुरूच करू नये, कारण अर्धवट पिळलेला बोल्ट घेऊन गाडी दुसरीकडे नेणे म्हणजे वरात काढणे आहे. नवे बोल्ट, तबकड्या आणि नट आधी हातात असू द्यावेत. मी अडलेल्या बाजूचे आर्म बुशसहित नवे घेतले, कारण जुन्या आर्ममध्ये नवे बुश दाबून बसवण्याची मजुरी आणि मनस्ताप मिळून हिशेब तेवढाच होतो. सुटे भाग शोधायला नाना पेठेत एक चक्कर जरूर मारावी, पण सस्पेन्शनचे आर्म तिथून घेताना डब्यावरचे नाव आणि आतल्या भागावरचा शिक्का जुळतो का ते बघावे. आणखी एक गंमत : फेबी बिल्स्टाइन आणि शॉकअब्सॉर्बर बनवणारी बिल्स्टाइन या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. नाव ऐकून पैसे मोजणारे मी पाहिले आहेत, त्यात एक मी होतो.

बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. या बुशमधले रबर आतल्या नळीला चिकटवलेले असते. ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी लिफ्टवर लटकत असताना, चाके खाली लोंबत असताना बोल्ट घट्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. उंची किंचित चुकते, गाडी ताठ लागते आणि काही महिन्यांत रबर फाटते. सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत, मग गाडी चाकांवर उभी करून, किंवा जॅकने हब त्या उंचीला उचलून, शेवटचे आवळावेत. मिस्त्री चांगला असला तरी आपण शेजारी उभे राहावे. वाईट वाटले तर वाटू दे.

आपल्याला मात्र मला दुसरेच विचारायचे आहे. गाडी कोणत्या स्प्रिंगने खाली आली आहे? मागच्या स्प्रिंगा शॉकअब्सॉर्बरपासून वेगळ्या, खालच्या आर्मवर बसलेल्या आहेत, त्यामुळे चाक काढले की सहज दिसतात. त्यांच्यावर एखाद्या कंपनीचे नाव किंवा क्रमांक आहे का, आणि वरचे-खालचे टोक मूळचे आहे की ग्राइंडरने कापलेले, हे टॉर्च लावून पाहा. ठक्क आवाज आणि ९ मिलिमीटरचा फरक वाचून मला वेगळीच शंका येते आहे. गिअरच्या दांड्याजवळ सस्पेन्शनचे बटण आहे का तेही सांगा. असेल तर गाडीला मॅग्नेटिक राइड, म्हणजे विजेने ताठपणा बदलणारे शॉकअब्सॉर्बर, आहे आणि मग शॉकअब्सॉर्बरचा सगळा हिशेब बदलतो.

कोथरूडकर

बटण नाही, म्हणजे साधेच शॉकअब्सॉर्बर आहेत.

काल संध्याकाळी ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी उचलून घेतली. आपली शंका खरी ठरली. मागच्या दोन्ही स्प्रिंगा मूळच्याच आहेत, पण खालचे वेटोळे कापलेले आहे. उजवीकडचे डावीपेक्षा जवळजवळ पाव फेरा जास्त. कापलेले टोक रबराच्या बैठकीत नीट बसत नाही आणि तिथल्या आर्मवर चमकता ओरखडा पडला आहे. उजव्या मागच्या रिमला आतून वेल्डिंग केलेले आहे. उजवीकडचा एक आर्म डावीकडच्याशी ताडून पाहिला, तर उघड्या डोळ्यांना दिसेल इतका वाकलेला आहे. मागचा एकही एक्सेंट्रिक बोल्ट हलला नाही. पुढच्या स्प्रिंगा कोणत्या कंपनीच्या आहेत ते कळत नाही, रंग पूर्ण उडालेला आहे. मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर तेल गळून ओले आहेत.

ज्या तिघांनी गाडी आधी यंत्रावर घेतली त्यांच्यापैकी एकानेही हे पाहिले नाही याचे वाईट वाटते, पण मीही पाहिले नव्हते.

चाकोरी

स्प्रिंग कापण्याने काय होते ते थोडक्यात लिहितो, कारण ‘थोडीशीच कापली आहे’ असे म्हणणारे अनेक आहेत. स्प्रिंगचा ताठपणा तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. सहापैकी एक वेटोळे गेले तर उरलेली स्प्रिंग वीस टक्के ताठ होते, आणि तिला दाबायला मिळणारी जागाही कमी होते. शॉकअब्सॉर्बर मूळ ताठपणासाठी बनवलेला असल्यामुळे तो ही स्प्रिंग आवरू शकत नाही आणि दमतो. सपाट घडवलेले टोक गेल्यामुळे स्प्रिंग बैठकीत तिरकी उभी राहते. गतिरोधकावरून उतरताना चाक पूर्ण खाली लोंबले की ती क्षणभर मोकळी होते आणि परत बसताना आपटते. तोच आपला ठक्क.

घाटमाथा

वरची दुरुस्ती करायलाच हवी याबद्दल वाद नाही. पण कॉइलओव्हरना सरसकट खलनायक ठरवू नये असे मला वाटते. कॉइलओव्हर म्हणजे गाडी जमिनीला टेकवणे, हा गैरसमज ते चुकीचे लावणाऱ्यांनी पसरवला आहे. चांगले कॉइलओव्हर मूळ उंचीच्या जवळ ठेवून लावले तर स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकमेकांसाठी बनवलेले मिळतात आणि चारही कोपऱ्यांची उंची मिलिमीटरमध्ये जुळवता येते. कोथरूडकरांना तसेही स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर दोन्ही बदलायचे आहेत, मग अर्धवट का थांबावे? मी स्वतः चार वर्षे दुसऱ्या एका जर्मन गाडीवर ते वापरतो आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावतो. तेवढे न करणाऱ्याचे रिंग जाम होतात आणि मग उंची जुळवण्याची सोय नावापुरतीच उरते.

चाकोरी

घाटमाथा यांचा मुद्दा रास्त आहे. उंची मूळच्या जवळ ठेवणार असाल तर माझा तत्त्वतः विरोध नाही. माझी हरकत गाडी खाली आणण्याला आहे, आणि तिचे कारण दिसण्यातले नाही.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाकाला वरून स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरचा खांब आणि खालून एकच आर्म धरतो. मूळ उंचीला खालचा आर्म चाकाकडे किंचित उतरता असतो, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक दाबले गेले की आर्म आधी आडवा होतो, चाकाचे तळ बाहेर ढकलतो आणि उणे कॅम्बर वाढतो. टायर रस्त्यावर सपाट राहायला मदत होते. गाडी बरीच खाली आणली की हा आर्म उभ्या गाडीतच आडवा झालेला असतो. मग चाक दाबले की त्याचे टोक वर जाऊन तळ आत ओढला जातो आणि नेमका हवा तेव्हा कॅम्बर कमी होतो. दुसरे असे, की गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून रोल सेंटर (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) अधिक वेगाने खाली येते. दोन्हींमधले अंतर वाढते, आणि पूर्वीइतक्याच वेगात वळताना गाडी अधिक कलायचा प्रयत्न करते. ते रोखायला आणखी ताठ स्प्रिंग लागते. म्हणजे खाली आणलेली गाडी ताठ करावी लागते ती बव्हंशी खाली आणल्याची भरपाई म्हणून. टाय रॉडचा (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) कोनही बदलतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली होताना टो हलतो आणि स्टिअरिंग हातात फडफडते.

रस्त्यांचा विचारही करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. कोथरूड ते हिंजवडी या वाटेवर तसा एखादा सापडला तर मला फोटो पाठवावा. सोसायट्यांच्या दारात रातोरात उगवणारे डांबराचे उंचवटे कोणत्याच शिफारशीत बसत नाहीत, आणि तिथे आपली गाडी रबराच्या बंप-स्टॉपवर आपटेल की शॉकअब्सॉर्बरच्या तेलावर तरंगेल, हे उरलेल्या हालचालीवर ठरते.

त्यामुळे मी आपल्या जागी असतो तर मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा आणि बिल्स्टाइनचे बी६ शॉकअब्सॉर्बर घेतले असते. ते एका नळीचे, वायूचा दाब असलेले आहेत आणि मूळ स्प्रिंगबरोबर चालतात. त्याच कंपनीचे बी८ आखूड असतात, ते खाली आणणाऱ्या स्प्रिंगांसाठी आहेत. क्रमांकात गल्लत करू नये. पुढचे वरचे माउंट आणि बेअरिंग, बंप-स्टॉप, धूळ अडवणारी रबरे आणि स्टॅबिलायझरच्या लिंक त्याच वेळी बदलाव्यात, कारण मजुरी एकदाच पडते.

पेठेतला वकील

एक कोरडा मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. मूळ मापाचे सुटे भाग बदलणे ही दुरुस्ती आहे. त्यापलीकडे जाणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि पोच घ्या, एवढेच.

कोथरूडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत येतो आहे, कारण भाग यायलाच तीन आठवडे लागले.

केलेली कामे अशी. मागचे उजव्या बाजूचे सर्व आर्म नवे, डावीकडचे दोन नवे, चारही एक्सेंट्रिक बोल्ट नवे. पैकी तीन जुने कापूनच काढावे लागले. चारही कोपऱ्यांना मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि बी६. पुढचे माउंट, बेअरिंग आणि लिंक. वेल्डिंग केलेली रिम बदलली. टायर चारही एकाच मेकचे घेतले, कारण क्वाट्रोमध्ये पुढच्या-मागच्या टायरांचा घेर वेगळा असला तर मागच्या चाकांना जोर देणारा क्लच सतत घसरत राहतो असे गॅरेजवाल्यांनी सांगितले. बोल्ट आवळताना मी शेजारी उभा होतो. मिस्त्रींना वाईट वाटले नाही. त्यांनी उलट मलाच टॉर्च धरायला लावली.

अलाइनमेंटच्या आधी टायरमधली हवा तपासली, टाकी निम्मी भरलेली ठेवली आणि डिकीतले सामान काढले. यंत्रावर घेतल्यावर त्यांनी गाडी पुढे-मागे ढकलून रिमचा डगमगही मोजून घेतला, जे आधी कोणीच केले नव्हते. नवे आकडे : मागचा कॅम्बर डावीकडे उणे १ अंश २५ मिनिटे, उजवीकडे उणे १ अंश ३० मिनिटे. मागचा टो ९ आणि १० मिनिटे, दोन्हीकडे आत. सबफ्रेम सरकवल्यावर पुढचा कॅम्बर उणे ४४ आणि उणे ४८ मिनिटे. खर्च अडीच लाखांच्या आत राहिला.

स्टिअरिंग सरळ आहे आणि ठक्क गेला. फक्त गॅरेजमधून बाहेर पडताच ईएसपीचा (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला आणि चांदणी चौकापर्यंत विझला नाही. शिवाय काही रस्त्यांवर गाडी अजून अगदी थोडी डावीकडे जाते. पुन्हा काही चुकले आहे का?

औंधचा टीटीवाला

दिव्याची काळजी नको. स्टिअरिंग आधी सहा अंश उजवीकडे असताना गाडी सरळ जात होती, आता शून्यावर असताना जाते. स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला नवे शून्य शिकवावे लागते. व्हीसीडीएस हे निदानाचे सॉफ्टवेअर किंवा कंपनीचे निदानयंत्र असलेल्या कोणाकडेही जी-८५ (म्हणजे याच) सेन्सरचे बेसिक सेटिंग करून घ्या. चाके सरळ ठेवून दहा मिनिटांचे काम आहे. ते होईपर्यंत ओल्या रस्त्यावर जपून चालवा, कारण दिवा लागलेला असताना ईएसपी आपल्या मदतीला येईलच असे नाही.

चाकोरी

आता थ्रस्ट अँगल अर्ध्या मिनिटावर आला आहे. त्याहून चांगले मागणे हट्ट होईल. डावीकडे जाण्याबद्दल : आपल्याकडे पाणी वाहून जाण्यासाठी रस्ता मध्यावर उंच आणि कडेला उतरता असतो, आणि आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे प्रत्येक गाडी थोडी डावीकडे उतरू पाहते. खात्री करायची असेल तर पहाटे एखाद्या रिकाम्या, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आधी डाव्या आणि मग अगदी उजव्या लेनमधून चालवून पाहा. लेनचा उतार बदलला की ओढ बदलत असेल तर ती रस्त्याची आहे. दोन्ही लेनमध्ये ओढ तेवढीच राहिली तर पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून पाहा, मात्र त्यांच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही याची आधी खात्री करा. टायर बदलल्यावर ओढीची बाजूही बदलली तर दोष टायरचा आहे.

नव्या स्प्रिंगा पहिल्या हजारभर किलोमीटरांत किंचित बसतात. तेव्हा उंची टेपने पुन्हा मोजा आणि एक्सेंट्रिक बोल्टांच्या नटांवर आताच रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे कोणता हलला ते चाक न काढता दिसेल.

कोथरूडकर

सेन्सरचे सेटिंग झाले, दिवा विझला. रविवारी पहाटे भूगावच्या पुढे दोन्ही लेनमधून चालवून पाहिले. उजव्या लेनमध्ये ओढ नाही. रंगाची रेघ मारायला कन्येची पांढरी नेलपॉलिश वापरली आहे, ती आता परत देता येईल असे वाटत नाही.